आजारपणाचा खाडा आणि उद्योगाचा धर्म

सोलापूरच्या पूर्व भागात यंत्रमागांचा खडखडाट थांबतो तो वीज गेली म्हणून, सूत संपले म्हणून किंवा मालाला उठाव नाही म्हणून. माग चालवणारा माणूस तापाने फणफणला आहे म्हणून तो सहसा थांबत नाही. मजुरी नगावर असते. जितके टॉवेल, जितक्या चादरी, तितका आठवड्याचा हिशोब. जो दिवस मागावर भरला नाही, तो खाडा. म्हणून अंगात कणकण असली तरी विणकर मागावर उभा राहतो, कांडी भरणारी भगिनी खोकत खोकत कांडी भरते, आणि दुखणे अंगावर काढण्याच्या या सवयीला कष्टाळूपणा म्हणून शाबासकी मिळते. वस्तुतः तो कष्टाळूपणा नव्हे, ती असहायता आहे. कापसाची धूळ वर्षानुवर्षे छातीत जाऊन होणाऱ्या ‘बिसिनोसिस’ या विकाराला भारतीय कायद्याने व्यावसायिक आजार म्हणून केव्हाच मान्यता दिली. परंतु असा विकार जडलेला विणकर अंथरुणाला खिळला, तर त्याच्या त्या महिन्याच्या मजुरीचे काय, हा प्रश्न या शहरात मोठ्या आवाजात विचारला जात नाही.

तो विचारण्याची वेळ आता आली आहे. २१ नोव्हेंबर २०२५ रोजी देशात चार श्रमसंहिता लागू झाल्या. वेतन, औद्योगिक संबंध, सामाजिक सुरक्षा आणि व्यावसायिक सुरक्षा व आरोग्य अशा या चार संहितांनी २९ जुन्या कायद्यांची जागा घेतली. त्यावर अपेक्षेप्रमाणे दोन टोकांचे सूर उमटले. ‘आणखी एक भुर्दंड’ म्हणून काही कारखानदारांनी कपाळाला आठ्या घातल्या, तर ‘कामगार गुलाम झाला’ म्हणून डाव्या संघटनांनी आकांडतांडव केले. भारतीय मजदूर संघाने मात्र वेतन आणि सामाजिक सुरक्षा या दोन संहितांचे स्वागत केले आणि उरलेल्या दोन संहितांतील आक्षेपार्ह तरतुदींवर परखडपणे बोट ठेवले. सारासार विचार करणाऱ्यांची भूमिका हीच असू शकते. मात्र स्वागत आणि निषेध यांच्या गदारोळात सोलापूरच्या आजारी विणकराचा खाडा पुन्हा विसरला जाऊ नये.

कायदा प्रत्यक्षात काय देतो?

भारतात ‘आजारपणाची पगारी रजा’ या नावाचा, सर्व कामगारांना सरसकट लागू होणारा एकच कायदा नाही. हा हक्क निरनिराळ्या कायद्यांत विखुरलेला आहे. १९४८ च्या कारखाने कायद्याने वर्षात २४० दिवस काम केलेल्या कामगाराला दर वीस दिवसांमागे एक दिवस भरपगारी रजा दिली. नव्या संहितेने २४० ची अट १८० दिवसांवर आणली. हंगामी चढउतार सोसणाऱ्या यंत्रमागाच्या धंद्यात हा बदल लहान नाही. दुकाने व आस्थापनांसाठी महाराष्ट्राच्या २०१७ च्या कायद्याने वर्षाला आठ नैमित्तिक रजा दिल्या. आजारपणासाठी कामगार सहसा याच रजा वापरतो.

परंतु दीर्घ दुखण्यात खरा आधार आहे तो राज्य कामगार विमा योजनेचा, म्हणजे लोकांच्या तोंडी असलेल्या ‘ईएसआय’चा. १९४८ चा तो कायदा आता सामाजिक सुरक्षा संहितेत समाविष्ट झाला आहे. जुलै २०१९ पासून या योजनेत मालकाची वर्गणी मजुरीच्या सव्वातीन टक्के आणि कामगाराची पाऊण टक्का आहे. त्यापूर्वी मालक पावणेपाच टक्के भरत असे. म्हणजे ओझे वाढलेले नाही, उलट उतरले आहे. एका सहामाहीत किमान ७८ दिवसांची वर्गणी भरलेली असेल, तर पुढील लाभकाळात आजारी कामगाराला सरासरी दैनिक मजुरीच्या ७० टक्के रक्कम, वर्षाला कमाल ९१ दिवस, थेट विमा महामंडळाकडून मिळते. क्षय, कर्करोग यांसारख्या ३४ दीर्घ आजारांत हा लाभ ८० टक्के होतो आणि पात्र कामगाराला तो कमाल दोन वर्षांपर्यंत मिळू शकतो.

हिशोब मांडून पाहावा. महिना १५,००० रुपये मिळवणाऱ्या कामगारामागे मालकाला भरावे लागतात ४८७ रुपये ५० पैसे. कामगाराचे जातात ११२ रुपये ५० पैसे. सहा महिन्यांची दोघांची मिळून वर्गणी होते ३,६०० रुपये. तोच कामगार तीन महिने अंथरुणाला खिळला, तर दिवसाला ५०० रुपये मजुरी धरून त्याला रोज ३५० रुपये, म्हणजे ९१ दिवसांचे ३१,८५० रुपये मिळू शकतात, आणि त्यातील एक छदामही त्या वेळी मालकाच्या गल्ल्यातून जात नाही. ज्याला भुर्दंड म्हणून हिणवले जाते, तो प्रत्यक्षात मालकाच्या डोक्यावरचे ओझे साऱ्या देशाच्या खांद्यावर वाटून देणारा सौदा आहे. असे असताना त्याची टाळाटाळ का व्हावी?

उचल म्हणजे रजा नव्हे

‘आमच्याकडे कायद्याची गरजच काय? कामगार घरच्यासारखा आहे. आजारी पडला तर आम्ही उचल देतो’, हे उत्तर सोलापुरात ऐकू येते. ते देणाऱ्या अनेकांच्या मनात खरोखर आपुलकी असते, हेही मान्य केले पाहिजे. रात्री अपरात्री कामगाराच्या लेकराला दवाखान्यात पोहोचवणारे मालक या शहरात आहेत. परंतु भावना शुद्ध असली म्हणून हिशोब शुद्ध ठरत नाही. उचल हे कर्ज आहे. बरा होऊन परतलेल्या कामगाराच्या आठवड्याच्या हिशोबातून ती कापली जाते. आजारपणात आधी मजुरी बुडते, मग कर्ज चढते, आणि ते फिटेपर्यंत तो कामगार त्या मागाशी जखडला जातो. दुखणे एक आणि शिक्षा तीन!

कुटुंबाची उपमा द्यायची असेल तर ती शेवटपर्यंत न्यावी. हिंदू कुटुंबात आजारी भावाच्या ताटातली भाकरी मोजली जात नाही. तो बरा झाल्यावर ‘इतक्या दिवसांचे जेवण फेड’ असे त्याला कोणी म्हणत नाही. उद्योग हे कुटुंब आहे, हा विचार दत्तोपंत ठेंगडी यांनी आयुष्यभर मांडला. २३ जुलै १९५५ रोजी भोपाळ येथे भारतीय मजदूर संघाची स्थापना करताना त्यांनी वर्गसंघर्ष नाकारला, पण त्याबरोबर मालकाची मनमानीही नाकारली. श्रमिकाचा घाम हेही भांडवलच आहे आणि म्हणून श्रमिक हा उद्योगाचा भागीदार आहे, अशी त्यांची मांडणी होती. भागीदाराला दुखण्यात उचल देऊन उपकृत करायचे नसते, त्याचा वाटा त्याला द्यायचा असतो. ठेंगडींचे नाव घ्यायचे आणि हजेरीपटावर आजाऱ्याचा खाडा मांडायचा, ही विसंगती संघविचाराच्या कारखानदाराला तरी शोभणारी नाही.

ही कल्पना परकी नाही

आजारपणातील मजुरी ही पाश्चात्त्यांकडून आलेली चैन आहे, असा एक समज सुशिक्षितांतही आढळतो. जर्मनीत बिस्मार्कने १८८३ मध्ये आजारपणाच्या विम्याचा कायदा केला, हे खरे. परंतु जी अमेरिका जगाला उद्योगाचे धडे देते, त्या अमेरिकेत खाजगी क्षेत्रातील सर्व कामगारांना आजारपणाची पगारी रजा देणारा कायमस्वरूपी केंद्रीय कायदा नाही. सॅन फ्रान्सिस्को या शहराने २००६ मध्ये आणि कनेक्टिकट या राज्याने २०११ मध्ये प्रथम असे कायदे केले. तेथील कामगाराला आजही राज्याराज्यांच्या कायद्यांवर विसंबावे लागते. भारताने मात्र १९४८ सालीच, फाळणीच्या जखमा ओल्या असताना, हा कायदा केला आणि फेब्रुवारी १९५२ मध्ये कानपूर व दिल्ली येथून त्याची अंमलबजावणी सुरू केली.

त्याही आधी, सप्टेंबर १८८४ मध्ये मुंबईत परळच्या सुपारीबागेत गिरणी कामगारांच्या सभा भरल्या. रावबहादूर नारायण मेघाजी लोखंडे यांनी साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचे निवेदन तयार केले. आठवड्याची सुटी, दुपारची विश्रांती, वेळेवर पगार या मागण्यांबरोबर त्यात आणखी एक मागणी होती. कामावर जखमी झालेल्या कामगाराला बरा होईपर्यंत पूर्ण मजुरी द्यावी आणि कायमचे अपंगत्व आले तर त्याच्या निर्वाहाची व्यवस्था करावी. बिस्मार्कच्या कायद्याला तेव्हा जेमतेम वर्ष झाले होते. पुढे १० जून १८९० रोजी गिरण्यांना रविवारची सुटी मिळाली. रविवार हा खंडोबाचा वार, तो कामगाराला देवासाठी आणि समाजासाठी मोकळा हवा, ही लोखंडे यांची भूमिका होती. कामगाराच्या विश्रांतीचा हक्क महाराष्ट्रात परदेशी ग्रंथ वाचून आलेला नाही. तो या मातीतल्या श्रद्धेचा हात धरून आला आहे.

प्राचीन परंपराही याहून वेगळे सांगत नाही. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात आजारी किंवा संकटात सापडलेल्या कामगाराला कामातून सवलत देण्याचा नियम आहे. शुक्रनीतीत तर आजारी सेवकाला वेतनाचा केवळ चौथा हिस्सा कमी करून उरलेले वेतन द्यावे आणि अल्पकाळच्या आजारात काहीच कापू नये, असे सांगितले आहे. शुक्रनीतीच्या काळाविषयी विद्वानांत मतभेद आहेत आणि काहींच्या मते तो ग्रंथ बराच अलीकडचा आहे. परंतु हिंदू समाजाच्या न्यायबुद्धीला काय योग्य वाटत होते, याची साक्ष तो देतोच. चौथा हिस्सा वजा जाता उरतात ७५ टक्के. आजचा विमा देतो ७० टक्के. नीतिग्रंथाने सांगितलेल्या मापालाही आधुनिक कायदा अद्याप पोहोचलेला नाही, आणि तेवढेही देताना कुरकुर व्हावी?

सोलापूरला तर दूर जाण्याचीही आवश्यकता नाही. बाराव्या शतकात शिवयोगी सिद्धरामेश्वरांनी या नगरीत तलाव खोदवला तो लोकांच्या श्रमातून. शरणांच्या परंपरेत श्रम म्हणजे ‘कायक’, म्हणजेच पूजा; आणि त्या श्रमाचे फळ समाजाला वाटणे म्हणजे ‘दासोह’. जेथे श्रम ही पूजा आहे, तेथे श्रम करून थकलेल्या, आजारी पडलेल्या देहाची उपेक्षा कशी चालेल?

कार्ड हातातून कसे गेले?

१८७७ मध्ये सोलापुरात पहिली कापड गिरणी उभी राहिली. नंतर नरसिंग गिरजी, लक्ष्मी, विष्णू अशा गिरण्यांनी हे शहर कामगारांचे शहर बनवले. पुढे विम्याचा कायदा आला आणि गिरणी कामगाराच्या हाती विम्याचे कार्ड पडले. आजाऱ्याच्या जागी ‘बदली’ कामगार उभा राही आणि गिरणी चालू राही. मग एकेक भोंगा बंद झाला. त्याला व्यवस्थापनांची नादानी, जुनाट यंत्रसामग्री आणि शासनाची दिशाहीन धोरणे कारणीभूत होती, तसाच संघर्षालाच साध्य मानणारा कामगार चळवळीतील विचारही कारणीभूत होता. १९८२ च्या मुंबईतील संपाने त्या विचाराचा शेवट कुठे होतो, हे साऱ्या महाराष्ट्राला दाखवून दिले. गिरणीतून बाहेर पडलेला कामगार शेडमधल्या मागावर आला. हातातले कार्ड मात्र गिरणीच्या फाटकातच राहिले.

त्यानंतर लाल बावट्याचे मोर्चे थांबले नाहीत. भविष्य निर्वाह निधी, विमा, किमान वेतन यांच्या घोषणाही थांबल्या नाहीत. परंतु मोर्चा पांगल्यावर किती विणकरांच्या हाती विमा क्रमांक पडला, हा प्रश्न विचारलाच पाहिजे. मालकाला शत्रू ठरवले की त्याच्याकडून फक्त दंड वसूल करता येतो, सहकार्य नाही. दुसऱ्या टोकाला बाजारपेठेचे पुजारी आहेत. त्यांच्या लेखी कामगार हा सुताच्या गठ्ठ्यासारखा खर्चाचा एक रकाना. एकाला कामगाराच्या दुखण्यात राजकारण दिसते, दुसऱ्याला तोटा. दुखणे मात्र कोणालाच दिसत नाही.

विडी कामगार भगिनींची कथा याहून बिकट आहे. घरी बसून तंबाखूच्या भुकटीत दिवस काढणाऱ्या या स्त्रियांना १९६६ च्या विडी कामगार कायद्याने वार्षिक पगारी रजेचा हक्क दिला होता. कागदावरचा हा हक्क किती घरांत पोहोचला, हे त्या भगिनींनाच विचारावे. त्यांच्या दवाखान्यांना आधार देणारा विडी उपकर २०१७ मध्ये वस्तू व सेवा कराच्या आगमनाबरोबर रद्द झाला. १९ जानेवारी २०२४ रोजी पंतप्रधान नरेंद्र मोदी यांच्या हस्ते कुंभारी येथील रेनगर वसाहतीत पंधरा हजार घरे श्रमिकांना मिळाली. त्यांत विडी आणि यंत्रमाग कामगारही आहेत. हे मोठे काम झाले. परंतु डोक्यावर छप्पर आले म्हणून छपराखाली आजारी पडलेल्याची चूल आपोआप पेटत नाही. घरानंतरचे पुढचे पाऊल आजारपणातील मजुरीचेच असले पाहिजे.

दहाच्या आकड्याचा खेळ

विमा योजना दहा कामगारांपासून बंधनकारक होते. मग नऊचा चमत्कार घडतो! एकाच छपराखाली वडिलांच्या नावाने एक पेढी, थोरल्याच्या नावाने दुसरी, धाकट्याच्या नावाने तिसरी, सुनेच्या नावाने चौथी. माग एकाच रांगेत, सूत एकाच गोदामातले, टॉवेलवर छाप एकच. कागदावर मात्र चार उद्योग आणि प्रत्येकात नऊ कामगार. न्यायालये अशा ठिकाणी कागद पाहत नाहीत, कामाची एकसंधता पाहतात, हे सल्ला देणाऱ्यांना ठाऊक असते. प्रकरण उघडकीला आले की वर्षांची थकबाकी, त्यावर व्याज आणि नुकसानभरपाई अंगावर येते. वाचवलेले ४८७ रुपये पिढीजात धंदा बुडवून जातात.

याहून घातक प्रकार हजेरीचा आहे. नोंदणी असते, पण कामगाराने दीडशे दिवस काम केले तरी वर्गणी सत्तर दिवसांचीच भरली जाते. मालकाचे काही हजार वाचतात आणि ७८ दिवसांची अट चुकल्यामुळे त्या माणसाचा ९१ दिवसांचा हक्क पुसला जातो. कामगाराला हे कळते ते रुग्णालयाच्या दारात. ही केवळ कायद्याची पळवाट नव्हे, हे पाप आहे.

या खेळात आणखी एक जण भरडला जातो, तो म्हणजे प्रामाणिक मालक. तो प्रत्येक कामगाराची वर्गणी भरतो आणि शेजारचा चुकवतो. बाजारात मात्र दोघांचा टॉवेल शेजारी शेजारी असतो. कायदा सर्वांनी पाळला तर तो कोणालाच जड नाही. निम्म्यांनी पाळला तर पाळणाऱ्याला तो शिक्षा ठरतो. सोलापूरचा टेरी टॉवेल परदेशी जातो. परदेशी खरेदीदार माल घेण्याआधी हजेरीपट मागतो, कामगारांच्या सोयी तपासतो, आणि त्या तपासणीसाठी सारे कागद चोख ठेवले जातात. परक्या ग्राहकाच्या डोळ्यासाठी जी शिस्त पाळता येते, ती स्वबांधवाच्या पोटासाठी का पाळता येऊ नये?

मालकाच्या पाठीशीही उभे राहा

मात्र केवळ मालकाला दोष देऊन हा प्रश्न सुटणार नाही. लहान यंत्रमागधारक हा कोणी धनाढ्य भांडवलदार नव्हे. कित्येक जण स्वतः कालपर्यंत विणकर होते. सुताचे भाव, विजेचे दर, अडकलेली उधारी यांच्या चरकात तोही पिळला जातो. त्याला कायद्याची भाषा समजत नाही, संगणकावरील विवरणपत्र भरता येत नाही, आणि निरीक्षकाची धास्ती वाटते. त्याची खरी भीती वर्गणीच्या रकमेची नसते, बंद पडणाऱ्या मागाची असते. विणकर आला नाही तर माग कोण चालवणार, हा त्याचा प्रश्न रास्त आहे आणि त्याचे उत्तर समाजाने दिले पाहिजे.

नव्या संहितांनी निरीक्षकाला ‘सुविधाकर्ता’ही केले आहे. आधी मार्गदर्शन, चूक सुधारण्याची संधी, आणि मगच खटला, असा त्यामागचा हेतू आहे. जुलै २०२५ मध्ये विमा महामंडळाने मागील थकबाकीचा ससेमिरा न लावता मालक आणि कामगारांची नव्याने नोंदणी करून घेणारी योजना आणली, तिचाही हेतू हाच होता. दंडुक्याकडून हाताकडे जाणारे हे धोरण स्वागतार्ह आहे. परंतु दिल्लीत हात पुढे झाला तरी तो पूर्व भागातल्या शेडपर्यंत पोहोचवायला मधे माणसे लागतात. ती माणसे संघटनांनी उभी केली पाहिजेत.

लघु उद्योग भारती १९९४ पासून लहान उद्योजकांत काम करते आहे. भारतीय मजदूर संघ श्रमिकांत आहे. या दोन्ही संघटना एकाच विचारकुलातल्या आहेत. त्यांनी एकत्र बसून सोलापुरात काही साध्या गोष्टी घडवून आणाव्यात. यंत्रमाग वस्त्यांत सामायिक साहाय्य केंद्र असावे. तेथे नोंदणी, मासिक वर्गणी आणि आजारपणाचे दावे अल्प शुल्कात भरून द्यावेत. स्वयंसेवकांत सनदी लेखापाल, कामगार कायद्याचे सल्लागार आणि संगणक जाणणारे तरुण कमी नाहीत. गिरणीतल्या बदली कामगारांच्या पद्धतीप्रमाणे वस्तीनिहाय बदली विणकरांची यादी असावी, म्हणजे आजाऱ्याला घरी पाठवताना मालकाला माग बंद ठेवावा लागणार नाही. प्रत्येक कामगाराच्या हाती दर सहामाहीला त्याच्या नावावर किती दिवस भरले याची चिठ्ठी द्यावी. ७८ चा आकडा विणकराला पाठ झाला की निम्मे गैरप्रकार आपोआप थांबतील.

आणखी एक गोष्ट मालकांनी स्वतःहून करावी. आजारपणाच्या पहिल्या दोन दिवसांचा लाभ विमा सहसा देत नाही. त्या दोन दिवसांची मजुरी मालकाने पदरची द्यावी. कायदा ती मागत नाही, म्हणूनच ती देण्यात धर्म आहे. ‘मग खोटी दुखणी सुरू होतील’ अशी शंका निघेल. तिसऱ्या दिवसापासून विमा वैद्यकीय अधिकाऱ्याचे प्रमाणपत्र लागते आणि पैसाही मालकाच्या खिशातला नसतो. दोन दिवसांसाठी लबाडी करणारा एखादा निघेलही. त्याच्यासाठी वीस प्रामाणिकांना तापात उभे करणे हा न्याय नव्हे.

शासन आणि समाज

शासनालाही चार शब्द सुनावलेच पाहिजेत, मग ते कोणत्याही पक्षाचे असो. विमा योजनेतील वेतनमर्यादा जानेवारी २०१७ मध्ये १५,००० वरून २१,००० रुपयांवर नेली गेली. त्यानंतर महागाई आणि मजुरी दोन्ही चढत गेल्या, मर्यादा मात्र वर्षानुवर्षे तेथेच राहिली. दोन पैसे अधिक मिळवणारा कुशल विणकर किंवा जॉबर त्यामुळे छत्राबाहेर पडतो. ती वाढवण्याची मजदूर संघाची मागणी योग्यच आहे. महाराष्ट्र शासनाने २०२५ मध्ये अध्यादेशाद्वारे दुकाने व आस्थापना कायद्याची मर्यादा दहावरून वीस कामगारांवर नेली. व्यवसायसुलभतेच्या नावाखाली लहान दुकानांतील नोकरांच्या आठ रजांचे कायदेशीर कवच त्यामुळे गळून पडते. व्यवसाय सुलभ झालाच पाहिजे, पण त्याची किंमत साडीच्या दुकानात दिवसभर उभ्या असलेल्या सेवकाने का मोजावी? विमा दवाखान्यांतील डॉक्टरांची आणि औषधांची वानवा, प्रमाणपत्रासाठीचे हेलपाटे यांमुळे विश्वास उडालेला कामगार स्वतःच म्हणतो, ‘पाऊण टक्का कापू नका, रोख द्या.’ हा अविश्वास दूर करणे हे शासनाचे काम आहे. दहाहून कमी कामगारांच्या उद्योगाला संहितेने स्वेच्छेने विम्यात येण्याची वाट ठेवली आहे. अशा मालकाला प्रारंभीची काही वर्षे शासनाने वर्गणीत साहाय्य केले, तर नऊचा चमत्कार दाखवण्याचे कारणच उरणार नाही.

आणि शेवटी प्रश्न उरतो तो या पानांवरून नजर फिरवणाऱ्या मध्यमवर्गीय घरांचा. कारखानदाराला धर्म सांगताना घरातील भिंतीवरच्या दिनदर्शिकेकडेही पाहावे. तेथे धुणेभांडी करणाऱ्या बाईचे खाडे लाल शाईने मांडलेले असतील. तिला ताप आला तो दिवसही त्यात असेल. घरातील गृहस्थाला कार्यालयातून वैद्यकीय रजा मिळते आणि त्याच घरात दुसऱ्या एका आईचा ताप पगारातून कापला जातो. घरकामगारांसाठी महाराष्ट्रात २००८ मध्ये कल्याण मंडळाचा कायदा झाला, परंतु आजारपणाची मजुरी देण्यासाठी गृहिणीला कोणत्याही कायद्याची वाट पाहावी लागत नाही. दिनदर्शिकेवरचा आजारपणाचा खाडा खोडायला एक पेन पुरते.

पंडित दीनदयाळ उपाध्याय यांनी १९६५ मध्ये मुंबईतील व्याख्यानांतून एकात्म मानवदर्शन मांडले. समाज हा सजीव देह आहे आणि एका अवयवाचे दुःख साऱ्या देहाचे दुःख असते, हे त्याचे सार. अंत्योदयाची कसोटी उत्सवात आणि भाषणात लागत नाही. ती लागते हजेरीपटावर, आजारी माणसाच्या नावापुढच्या रकान्यात. सोलापूरची चादर भौगोलिक उपदर्शनाचा मान मिळवून देशभर घराघरांत ऊब देते. ती विणणाऱ्याला दुखण्याच्या दिवसांत मजुरीचे पांघरूण मिळवून देणे हे सोलापूरच्या कारखानदारांचे, कार्यकर्त्यांचे आणि गृहस्थांचे कर्तव्य आहे. कायदा आता आला आहे, वाटही मोकळी आहे. येत्या सहामाहीचा हजेरीपट खरा लिहिण्यापासून प्रारंभ व्हावा.